आकाशवाणी-दूरदर्शन : स्वायत्ततेची चर्चा आणि श्रोत्याचे स्थान

प्रास्ताविक

भारतातील राष्ट्रीय प्रसारणसंस्थेच्या इतिहासाची चर्चा बहुधा ‘स्वायत्तता’ या एका संकल्पनेभोवती फिरते. शासनाचे नियंत्रण किती आणि संस्थेला अधिकार किती, हा त्या चर्चेचा गाभा असतो. हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या मांडणीत शासन आणि संस्था हे दोनच पक्ष दिसतात. तिसरा पक्ष म्हणजे श्रोता, तो या मांडणीत क्वचितच येतो. या संस्थेने श्रोत्याची कोणती कल्पना केली, या दृष्टीने तिच्या वाटचालीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वसाहतकालीन वारसा

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ही कंपनी खासगी होती. परवाना-शुल्काचे उत्पन्न अपुरे पडल्याने ती १९३० मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसारण शासनाच्या ताब्यात गेले. १९३५ मध्ये बीबीसीतून आलेल्या लायोनेल फील्डन यांच्याकडे प्रसारणाची सूत्रे आली व ८ जून १९३६ रोजी सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

बीबीसीच्या आदर्शातील दोन गोष्टी भारतात रुजल्या : प्रसारणाची मक्तेदारी आणि लोकाभिरुची घडविण्याची जबाबदारी. तिसरी गोष्ट, म्हणजे शासनापासूनचे अंतर, मात्र आली नाही. बीबीसी सनदेवर उभे असलेले महामंडळ होते. ऑल इंडिया रेडिओ हे शासकीय खाते राहिले. स्वातंत्र्यानंतरही ही रचना कायम राहिली.

अभिरुचीचे शिक्षण आणि त्याची मर्यादा

१९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या डॉ. बा. वि. केसकरांच्या धोरणाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. अभिजात संगीताला त्यांनी दिलेले स्थान ही मोठी कामगिरी होय. संस्थानी आश्रय संपत असताना असंख्य कलावंतांना आकाशवाणीने आधार दिला. परंतु त्याच वेळी चित्रपटगीतांचे प्रमाण घटविण्यात आले. पुढे निर्मात्यांशी वाद होऊन ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ लुप्त झाली. श्रोत्यांनी रेडिओ सिलोनची वाट धरली. ‘बिनाका गीतमाला’ला १९५२ मध्येच आरंभ झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली ‘विविध भारती’ ही एका अर्थाने श्रोत्यांच्या या मूक निकालाची कबुलीच होती. श्रोत्याला विद्यार्थी मानणाऱ्या संस्थेला, तो वर्ग सोडून जाऊ शकतो, याचा विसर पडला होता.

पुणे केंद्राचा दाखला

याच दशकात पुणे केंद्रावर मात्र वेगळे चित्र दिसते. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यामागून आठवडे प्रसारित केले. अभिजातता आणि लोकप्रियता यांच्यात धोरणाने मानलेला विरोध या छप्पन्न गीतांनी खोटा ठरविला.

१९५६ मध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राकडे कळवीत. त्यांची दखल पुढील कार्यक्रमांत घेतली जाई. टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूरॅथ यांनी केलेल्या मूल्यमापनात, केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय आढळली. या निष्कर्षाचा अर्थ दूरगामी आहे : परिणाम यंत्राचा नव्हता, संवादाचा होता. हा उपक्रम पुढे देशभर नेला गेला. तथापि संख्या वाढत गेली तशी उत्तर देणाऱ्या केंद्राची जवळीक टिकली नाही.

दूरचित्रवाणी आणि केंद्रीकरण

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेली दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आली. १९७५-७६ मधील ‘साइट’ उपग्रह-प्रयोगाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांपर्यंत चित्र पोहोचविले. त्याच काळात गुजरातमधील खेडा प्रकल्पात स्थानिक बोली, स्थानिक प्रश्न आणि गावकऱ्यांचा सहभाग यांवर भर होता. मात्र १९८२ पासून उपग्रहाद्वारे सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने दूरदर्शनची दिशा निश्चित केली, आणि ती खेड्याकडे जाणारी नव्हती. जाहिरातींच्या उत्पन्नाबरोबर श्रोत्याची तिसरी प्रतिमा पुढे आली : ग्राहक.

कायदा आणि वास्तव

आणीबाणीत प्रसारणाचा झालेला वापर पाहून १९७७ मध्ये बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. त्याने ‘आकाश भारती’ या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. प्रत्यक्षात प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. कायद्याने संस्था निर्माण झाली; पण निधी व मनुष्यबळ या बाबतींत ती शासनावरच अवलंबून राहिली. परवाना-शुल्क ऐंशीच्या दशकातच बंद झाल्याने श्रोत्याचे संस्थेशी असलेले थेट आर्थिक नातेही उरले नव्हते.

समारोप

विद्यार्थी, लाभार्थी आणि ग्राहक अशा तीन रूपांत या संस्थेने श्रोत्याकडे पाहिले; नागरिक म्हणून त्याला तिने क्वचितच ओळखले. जेथे ओळखले, तेथे केंद्र श्रोत्याच्या जवळ होते आणि त्याला उत्तर देण्यास मोकळे होते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली, ही घटना या संदर्भात बोलकी आहे. निर्णय दिल्लीचा होता. केंद्र आपले आहे असे म्हणणारे लोक येथील होते. स्वायत्ततेचा विचार दिल्लीतील दोन कार्यालयांपुरता मर्यादित न ठेवता तो केंद्र आणि श्रोता यांच्या नात्यापर्यंत नेला, तरच ‘सार्वजनिक’ या विशेषणाला अर्थ प्राप्त होईल.