दारावरून परत गेलेला

 

या खेपेस ज्या कथेविषयी लिहितो आहे ती आपल्या पोथ्यांतली नाही. कीर्तनातून निवृत्त झालो, गुडघ्यांनी उभे राहणे सोडले, तेव्हापासून वाचन वाढले आहे. काही वर्षांपूर्वी वसईकडे एका सप्ताहाला गेलो असताना तेथील एका ख्रिस्ती धर्मगुरूंची ओळख झाली. घरी आपल्यासारखेच मराठी बोलणारे गृहस्थ. त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मला दिले आणि म्हणाले, “महाराज, यातली दुःखसहनाची कथा कीर्तनकाराच्या नजरेने वाचा आणि काय दिसते ते सांगा.” त्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो. थोडे अधिकही लिहितो, कारण त्यातली एक गोष्ट त्यांना सांगायचे मला धैर्य झाले नाही.

कथा थोडक्यात अशी. येशूचे बारा शिष्य. त्यांतला यहूदा इस्कार्योत याने मुख्य याजकांकडे जाऊन गुरूला धरून देण्याचे मोल विचारले. ३० चांदीची नाणी ठरली. रात्री बागेत मुका घेऊन त्याने गुरू दाखवून दिला. त्याच रात्री शिमोन पेत्र, जो काही तासांपूर्वी मरेन पण सोडणार नाही अशी आण घेत होता, प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसून एका दासीच्या प्रश्नाने घाबरला आणि हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असे तीनदा म्हणाला. कोंबडा आरवला, पेत्र बाहेर जाऊन रडला. पुढे पेत्र मंडळीचा आधार झाला आणि यहूदाने गळफास घेतला.

ख्रिस्ती उपदेशकांची यावरची अनेक चिंतने मी वाचली. बहुतेकांची घडण एकच. दोघांनी गुरुद्रोह केला. एकाचा पश्चात्ताप खरा, दुसऱ्याचा खोटा. तेव्हा श्रोतेहो, पेत्र व्हा, यहूदा होऊ नका. माउली, चाळीस वर्षे मी स्वतः असेच जोड्या लावून निरूपण केले आहे. जोडी लावली की टाळी मिळते. म्हणूनच ही घडण पाहिली की मला शंका येते. मूळ कथा असे म्हणते का?

मत्तयाचे शुभवर्तमान उघडून पाहा. येशूला दोषी ठरवले हे कळताच यहूदाला पस्तावा झाला. तो नाणी घेऊन याजकांकडे परत गेला. निर्दोष माणसाला मरणाच्या हाती देऊन आपण पाप केले असे त्याने तोंडाने कबूल केले आणि पैसे पुढे केले. आता कॅथलिक शिकवणुकीत प्रायश्चित्ताची जी तीन अंगे सांगतात ती आठवा: अंतरीचे दुःख, मुखाने कबुली, आणि केल्याची भरपाई. यहूदाकडे तिन्ही आहेत. वर, सगळे शिष्य पळाले असताना, गुरू निर्दोष आहे असे मारेकऱ्यांच्या तोंडावर सांगणारा शिष्य हा एकटाच. आणि पेत्र? तो रडला. अंगणात परत जाऊन, मी त्याचाच माणूस आहे, असे तो म्हणाला नाही.

यावर विद्वान मंडळी ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतात. ग्रीक मला येत नाही. त्या धर्मगुरूंनी समजावले तेवढे सांगतो. येशू लोकांना ज्या पालटाची हाक देतो त्याचा शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे बुद्धीच फिरणे. यहूदाच्या ठिकाणी मत्तयाने तो शब्द न वापरता नुसत्या हळहळीचा दुसरा शब्द घातला आहे. म्हणून यहूदाचे दुःख वरवरचे, असा निष्कर्ष. पण त्याच मत्तयात, सहा अध्याय आधी, दोन मुलांचा दृष्टान्त आहे. एकाने बापाला मळ्यात जायला नाही म्हटले, मागाहून त्याला वाईट वाटले आणि तो गेला. येशूने त्यालाच चांगला ठरवले. तेथे हळहळीसाठी मत्तयाने वापरलेला शब्द यहूदाच्याच प्रसंगातला आहे! मग फरक शब्दात नाही. त्या मुलाला जायला मळा होता.

यहूदा कोठे गेला, ते पाहा. ज्यांच्यापुढे त्याने कबुली दिली ते धर्माचे अधिकारी होते. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले की आमचा याच्याशी संबंध नाही, तुझे तू पाहून घे. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन जीव दिला. मग याजकांनी ती नाणी वेचली आणि विचार केला की हे रक्ताचे मोल आहे, भांडारात टाकणे शास्त्राला धरून नाही. म्हणून त्यातून कुंभाराचे शेत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. मत्तयाने येथे एक शब्द टीकेचा लिहिलेला नाही. पैशाच्या सोवळ्याचा एवढा विचार करणाऱ्यांना, ज्याच्या हातून ते पैसे आले त्या माणसाची आठवणही राहिली नाही. मी हे वाचून पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. कारण पुढे येईल.

मोहाविषयी थोडेसे. लूक आणि योहान सांगतात की यहूदात सैतान शिरला. योहान आणखी सांगतो की थैली त्याच्याकडे असे आणि तो त्यातले पैसे चोरी. मला योहानाची ही जोड पटत नाही. चोर म्हटले की ऐकणारा सुटतो. आपण तर चोर नाही! मत्तयाचा यहूदा स्वतःच्या पायांनी जातो आणि स्वतःच्या तोंडाने मोल विचारतो, ते अधिक भयंकर. मात्र अरण्यातल्या ४० दिवसांच्या उपवासानंतर येशूला जो मोह झाला त्या प्रसंगाची एक गंमत कीर्तनकारांनी ध्यानात ठेवावी. तेथे सैतान शास्त्रवचनाचा आधार देऊन बोलतो. प्रमाण पाठ असणे ही काही साधुत्वाची खूण नव्हे, हे आमच्या फडावर मी अनेकदा पाहिले, आरशातही पाहिले.

दुसरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. यहूदा या नावावरून सबंध यहुदी समाजाला गुरुद्रोही ठरवण्याचे पाप ख्रिस्ती देशांत शतकानुशतके झाले, आणि त्यापायी किती निरपराध मेले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुदी लोकांवर ठेवता येत नाही असे जाहीर केले. कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे आपले शेजारी आठवले म्हणजे या उशिराचे दुःख होते.

आता पेत्राकडे वळू. तो वाचला तो अश्रूंमुळे, असे उपदेशक म्हणतात. मला कथेत तसे दिसत नाही. लूक सांगतो की कोंबडा आरवला तेव्हा येशूने वळून पेत्राकडे पाहिले. नुसते पाहिले. यहूदाच्या वाट्याला त्या दिवशी ती नजर आली नाही; तो परत आला तेव्हा गुरू बांधलेला होता. आणि योहानाचा शेवटचा अध्याय वाचा, माउली, सावकाश वाचा. येशू पुन्हा उठल्यानंतरची ती गोष्ट. पेत्र परत आपल्या मासेमारीला लागला आहे. रात्रभर जाळ्यात काही आले नाही. पहाटे काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे आणि भाकर. (माळकरी वाचकाने नाक मुरडू नये, कोळ्यांच्या घरचे जेवण ते.) संबंध शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एक अंगणातला, जेथे पेत्राने तीनदा नाकारले. दुसरा हा. येथे येशू त्याला तीनदा विचारतो की तुझे माझ्यावर प्रेम आहे का, आणि तीनदा मेंढरे त्याच्या हवाली करतो. नाकारल्याचा उल्लेखही काढत नाही. पण विस्तव तोच आहे, हे पेत्राला नाकाने कळले असणार.

पेत्र क्षमा मागायला गेला नव्हता, हे ध्यानात घ्या. ज्याचा द्रोह झाला तो किनाऱ्यावर आला आणि त्याने आधी न्याहारी केली.

आपल्याकडे अशी आख्याने भरपूर आहेत. तुकोबांच्या वह्या बुडवायला लावणारे रामेश्वर भट्ट त्यांचेच शिष्य झाले. ज्ञानदेवादी भावंडांना छळणारा विसोबा पुढे नामदेवांचा गुरू झाला. वाल्या तर पोरासोरांना ठाऊक. ही सगळी मी रंगवून सांगितली. पण आलेला माणूस दारावरून परत गेला, असे एकही आख्यान मी कधी सांगितले नाही. ख्रिस्ती परंपरेने ते आपल्या ग्रंथाच्या मध्यभागी ठेवले आहे, आणि ठेवून स्वतःच त्याला बिचकली आहे. संत ऑगस्टीन म्हणतात की देवाच्या दयेची आशा सोडून यहूदाने पश्चात्तापाला जागाच ठेवली नाही. त्यांच्या आधीच्या ओरिजेनने मात्र असे सुचवले की तो गुरूला परलोकी आधी गाठावे म्हणून मेला. फ्रान्समध्ये वेझले येथे बाराव्या शतकातले मंदिर आहे. त्याच्या एका खांबाच्या माथ्यावर एकीकडे लटकलेला यहूदा आणि दुसरीकडे त्याचे प्रेत खांद्यावर घेतलेला माणूस कोरला आहे. तो माणूस म्हणजे हरवलेले मेंढरू आणणारा मेंढपाळ येशूच, असे काहीजण मानतात. पोप फ्रान्सिस यांनी त्या शिल्पाची गोष्ट अनेकदा सांगितली. मला त्याचे चित्र दाखवले गेले. ऑगस्टिनांच्या युक्तिवादापेक्षा त्या पाथरवटाचे निरूपण मला वरचे वाटते.

आता ते पुस्तक मिटल्याचे कारण.

आमच्या दिंडीत शिध्याचा हिशेब पाहणारा एक टाळकरी होता. गुणी माणूस, चालीला पक्का. एका वर्षी रक्कम कमी भरली. त्याने उचलली होती. घरच्या आजारपणासाठी, असे मागाहून कळले. बभ्रा झाला आणि त्याने वारी सोडली. दोन वर्षांनी कार्तिकीला, रात्री माझे कीर्तन आटोपल्यावर, तो मठाच्या ओसरीशी उभा होता. रुमालात बांधलेले पैसे होते. पाया पडला आणि म्हणाला, “महाराज, सगळे आहेत. मोजून घ्या.” मी मोजले. दोनदा मोजले. वहीत जमा लिहिले, तारीख घातली. मग म्हणालो, “हिशेब मिटला. पुढचं तुझं तू आणि पांडुरंग बघून घ्या.” त्या रात्री माझ्या कीर्तनाला वाल्याचा दृष्टान्त होता. तो थोडा वेळ उभा राहिला, बहुधा आत बसायला सांगतील म्हणून. पंगत बसत होती. मी वही कपाटात ठेवायला वळलो.

तो पुन्हा आला नाही. या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. यहूदा आणि पेत्र यांच्यात मी स्वतःला शोधत वाचत होतो, आणि मी सापडलो तो याजकांत.

त्याचा मुलगा गेली दोन वर्षे आमच्याच दिंडीत चालतो. मला ओळख न देता नमस्कार करून पुढे जातो. या माघात त्याला थांबवून वडिलांची चौकशी केली. घरीच असतात, डोळ्यांना कमी दिसते, म्हणाला. त्याचे गाव एस.टी.ने तीन तासांवर आहे. मी येतो असा निरोप त्याच्याजवळ दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या एकादशीपर्यंत आले नाही, तरी पारणे झाल्यावर मी निघणार आहे. त्याच्या घरी चूल नसेल पेटलेली, म्हणून भाकरी बरोबर घेईन म्हणतो.