व्यंगचित्रसंग्रह

व्यंगचित्रसंग्रह : नियतकालिकांतून प्रसंगोपात्त प्रसिद्ध झालेल्या किंवा क्वचित ग्रंथासाठीच मुद्दाम काढलेल्या विनोदी व उपरोधपर चित्रांचे पुस्तकरूप संकलन. व्यंगचित्र हे मूलतः एका दिवसाचे वा एका आठवड्याचे साहित्य होय. पाहणाऱ्याला त्या दिवसाची बातमी, तीतील व्यक्ती आणि त्या व्यक्तीविषयीचा लोकांचा रागलोभ आधीच ठाऊक आहे, असे गृहीत धरून चित्रकार रेषा ओढतो. संग्रहात हे चित्र त्या दिवसापासून तुटते आणि वर्षांच्या, कधी पिढ्यांच्या अंतराने अपरिचित वाचकापुढे येते. म्हणून संग्रह हा जुन्या चित्रांचा नुसता साठा नसतो. तो त्या चित्रांचे दुसरे वाचन घडवितो. या दुसऱ्या वाचनात काही चित्रे निस्तेज होतात, काही अधिक धारदार वाटतात, तर काहींमधून ज्याची थट्टा केली त्याच्यापेक्षा थट्टा करणाऱ्याचेच स्वरूप अधिक प्रकट होते. भारतातील, विशेषतः महाराष्ट्र व गोवा यांच्याशी निगडित असलेल्या संग्रहांचा विचार या दृष्टीने करणे उद्‌बोधक ठरते.

पूर्वपीठिका : लंडन येथील पंच (स्थापना १८४१) या साप्ताहिकाच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात भारतात अनेक विनोदी पत्रे निघाली. त्यांपैकी लखनौचे अवध पंच (१८७७) व मुंबईचे हिंदी पंच ही विशेष प्रसिद्ध होती. हिंदी पंचमधील चित्रांना इंग्रजी व गुजराती अशा दोन्ही भाषांतील मजकूर असे आणि ‘पंचोबा’ हे पात्र त्यांतून राज्यकर्ते व पुढारी यांना चार शब्द सुनावीत असे. या पत्रातील वर्षभराच्या निवडक चित्रांचे संग्रह विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघत असत. त्यांवरून त्या काळच्या मुंबईतील सुशिक्षितांचे राजकारण कळते. तथापि त्यांतील उपरोध बहुधा विनंतीच्या सुरात आहे. याहून वेगळी वाट गगनेंद्रनाथ टागोर (१८६७–१९३८) यांनी चोखाळली. विरूप वज्र, अद्‌भुत लोक व नव हुल्लोड हे त्यांचे शिलामुद्रित चित्रसंच १९१७ ते १९२१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. साहेबी थाटाची नक्कल करणारा बाबू, सोवळ्याआड दडलेला ढोंगीपणा आणि परकीय सत्तेपुढील लाचारी यांवर त्यांत कठोर प्रहार आहेत. ही चित्रे दैनंदिन बातमीवर विसंबलेली नसल्यामुळे आजही त्यांना फारशा टीपांची गरज भासत नाही. महाराष्ट्रात शं. वा. किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी किर्लोस्कर मासिकातून रूढी व अंधश्रद्धा यांवर चित्रे काढून सामाजिक व्यंगचित्राला सुशिक्षित कुटुंबांत स्थान मिळवून दिले.

राजकीय संग्रह : स्वातंत्र्योत्तर काळातील महत्त्वाचा संग्रह म्हणून के. शंकर पिळ्ळै ऊर्फ ‘शंकर’ (१९०२–८९) यांच्या डोन्ट स्पेअर मी, शंकर (१९८३) या पुस्तकाचा निर्देश करावा लागतो. शंकर्स वीकली (१९४८–७५) या साप्ताहिकातील नेहरूंवरची चित्रे त्यात एकत्र केली आहेत. नेहरूंनी आपल्यालाही सोडू नये असे शंकर यांना सांगितले, या प्रसिद्ध आख्यायिकेवरून पुस्तकाचे नाव आले आहे. एकच व्यक्ती सुमारे सोळा वर्षे सातत्याने चित्रविषय झाल्यामुळे या संग्रहाला आपोआप चरित्राचे रूप लाभले आहे. आरंभीचे उमेदीचे, चपळ नेहरू हळूहळू थकत जातात, हे सुट्या चित्रांत न जाणवणारे स्थित्यंतर पाने उलटताना लक्षात येते. मात्र याच रचनेमुळे नेहरूंभोवतीच्या इतर व्यक्ती दुय्यम ठरतात. त्यांच्या संबंधातील चित्रे कोणत्या वादातून निर्माण झाली, हे वाचकास उमगत नाही. या उणिवेचा परिणाम पुढे दिसून आला.

आर्. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांच्या मोठ्या आकाराच्या राजकीय चित्रांची निवड द एलोक्वंट ब्रश (१९८८) या पुस्तकात, तर १९४७ ते २००४ या काळाचा पट ब्रशिंग अप द यिअर्स (२००५) यात आढळतो. लक्ष्मण यांचे व्यक्तिसादृश्य विलक्षण असले, तरी त्यांच्या राजकीय चित्रांचे खरे बळ नेपथ्यात आहे : गळके छत, मोडकी खुर्ची, कोपऱ्यातला कागदांचा ढीग या तपशिलांतून राज्यकारभाराची कळा ते दाखवितात. अबू अब्राहम (१९२४–२००२) यांच्या द गेम्स ऑफ इमर्जन्सी (१९७७) या संग्रहाचे महत्त्व निराळे आहे. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण होते. त्या वेळी नाकारलेल्या चित्रांनाही या पुस्तकात स्थान मिळाले. स्नानाच्या टबात बसूनच वटहुकमावर स्वाक्षरी करून देणारे राष्ट्रपती दाखविणारे अबूंचे चित्र डिसेंबर १९७५ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये छापले गेले होते. त्या वेळी ते स्वतः राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते, ही बाब लक्षणीय आहे. वृत्तपत्राने जे दडपले ते पुस्तकाने जतन केले, असे या संग्रहाबाबत म्हणता येते. व्यंगचित्रसंग्रह हा दस्तऐवज होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठीत बाळ ठाकरे (१९२६–२०१२) यांची राजकीय चित्रे सर्वाधिक परिणामकारक ठरली. लक्ष्मण यांच्याप्रमाणे तेही आरंभी फ्री प्रेस जर्नलमध्ये होते आणि डेव्हिड लो (१८९१–१९६३) या व्यंगचित्रकाराचा प्रभाव दोघांवरही होता. १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरे यांनी बंधू श्रीकांत यांच्यासह मार्मिक हे साप्ताहिक सुरू केले. त्यातील ‘रविवारची जत्रा’ हे सदर, तसेच फटकारे हा चित्रसंग्रह यांतून त्यांच्या कुंचल्याचे सामर्थ्य दिसते. जाड, वेगवान फटकारा, मोजक्या पात्रांची ठसठशीत मांडणी आणि बोलीभाषेतील झोंबरी मथळे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. तथापि १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यावर चित्रकार स्वतःच सत्ताकारणातील एक पक्ष झाला. व्यंगचित्रकाराचा अधिकार पुष्कळ अंशी त्याच्या अलिप्ततेतून येतो. ती उरली नाही, की उपहास हे प्रचाराचे साधन बनते. ठाकरे यांच्या चित्रांचे मूल्यमापन करताना रेषेचे कर्तृत्व आणि तिचा उपयोग यांचा म्हणूनच वेगवेगळा विचार करावा लागतो.

दैनंदिन जीवनाचे संग्रह : बातमीपेक्षा जगण्यावर आधारलेली चित्रे संग्रहात अधिक टिकतात. लक्ष्मण यांच्या यू सेड इट या १९५१ पासूनच्या सदराचे अनेक भाग पुस्तकरूपाने आले. चौकड्यांचा कोट, धोतर व गोल चष्मा या वेषातील ‘सामान्य माणूस’ त्यांत सर्वत्र हजर असतो. पण बोलत नाही. त्याचे मौन हीच या चित्रमालेची मूळ कल्पना होय. रस्त्यावरचा खड्डा, नळाचे गेलेले पाणी, मंत्र्याचा दौरा, चौकशी समितीवर नेमलेली दुसरी समिती हे विषय वर्षे लोटली तरी ओळखीचे वाटतात. या संग्रहांतून बहुधा दिनांक दिलेला नसतो आणि त्याची उणीवही भासत नाही. किंबहुना दिनांक नसूनही चित्र आजचे वाटावे, यातच त्यातील बोचरी टीका सामावलेली आहे. मात्र सलग वाचनात एक मर्यादाही जाणवते. मुकाट्याने पाहणारा हा नागरिक कधी प्रतिकार करीत नाही. त्याचे सोसणे लोभस झाल्यामुळे वाचकाची चीड हसण्यातच विरून जाते.

शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांची हसरी गॅलरी आणि लाफिंग गॅलरी ही नावे प्रदर्शने व पुस्तके यांमुळे सर्वपरिचित झाली. १९५२ च्या मोहिनी दिवाळी अंकावरील त्यांच्या मुखपृष्ठावर तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे व तरुणीच्या साडीवर उंदीर दाखविले होते; त्यात एकही शब्द नसताना पाहणाऱ्याला सर्व काही कळले. फडणीसांचा विनोद शब्दांशिवाय, निव्वळ दृश्य विसंगतीतून फुलतो. त्यामुळे भाषेच्या व काळाच्या दोन्ही सीमा तो सहज ओलांडतो. शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी त्यांनी काढलेल्या चित्रांवरून या शैलीची उपयुक्तताही सिद्ध झाली. या विनोदात कोणी दुखावत नाही. परंतु म्हणूनच त्यात सामाजिक संघर्षाला फारसा वाव नाही.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचे संग्रह या दोन टोकांच्या मध्ये येतात. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या सरवटे यांनी खडा मारायचा झाला तर, खेळ रेषावतारी आदी पुस्तकांतून मध्यमवर्गीय कुटुंब, मुंबईतील दाटीवाटी आणि मराठी साहित्यव्यवहार यांचे मर्मग्राही चित्रण केले. ललित मासिकातील जयवंत दळवी यांच्या ‘ठणठणपाळ’ या सदराला त्यांनी दिलेले रूप मराठी वाचकांच्या मनात कायमचे ठसले. सरवटे यांच्या चित्रात दोष दुसऱ्याचा नसतो. मथळा वाचून हसणारा वाचक क्षणभराने स्वतःला त्याच दिवाणखान्यात बसलेला पाहतो. व्यंगकला–चित्रकला व परकी चलन या पुस्तकांतून त्यांनी या कलेची मीमांसाही केली. चित्रे आणि चित्रविचार यांचा असा मेळ मराठीत विरळाच आढळतो.

गोव्याचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांनी गोवा विथ लव्ह (१९६४) या संग्रहात तेथील जीवन गर्दीसह टिपले आहे. लग्नाचा वाद्यवृंद, ताव्हेर्नातील गप्पा, कावळे, कुत्री, बाल्कांवात बसलेले वृद्ध असे अनेक प्रसंग एकाच पानावर सामावतात. विशेष म्हणजे तरुणपणी त्यांनी लिहिलेल्या सचित्र दैनंदिन्याही पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. १९६१ पूर्वीच्या, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील कौटुंबिक व ग्रामजीवनाचा तो एक आत्मीय आलेख आहे. प्रसिद्धीचा हेतू मनात नसताना काढलेली ही चित्रे समाजेतिहासाच्या अभ्यासकास विशेष मोलाची वाटतात.

संपादनाचा प्रश्न : संग्रहात चित्राचा संदर्भ हरवला, तर केवढा अनर्थ ओढवतो, हे २०१२ मध्ये दिसून आले. शंकर यांचे २८ ऑगस्ट १९४९ चे एक चित्र राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एन्‌सीईआर्‌टी) अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात २००६ पासून समाविष्ट होते. संविधानरूपी गोगलगायीवर हाती चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले नेहरू आणि भोवती बघ्यांचा जमाव, असे ते चित्र होते. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला. शासनाने ते वगळण्याचे जाहीर केले. योगेंद्र यादव व सुहास पळशीकर या सल्लागारांनी राजीनामे दिले, तसेच पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड करण्यात आली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पाठ्यपुस्तकांतील व्यंगचित्रांची फेरतपासणी केली.

या वादात एका बाजूने विनोदबुद्धीचा अभाव आणि दुसऱ्या बाजूने हेतुपुरस्सर अवमान असे आरोप झाले. पण मूळ प्रश्न दोहोंपेक्षा खोल होता. संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या जाऊन विचारात घेतल्या गेल्या. दिरंगाईच्या आरोपाला डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात साधार उत्तर दिले होते. विलंबाची ही कारणे चित्रात येत नाहीत, आणि चित्राशेजारी ती सांगितली नाहीत, तर पुढील पिढीसाठी चाबकाची प्रतिमा तेवढी उरते. शतकानुशतके चाबकाचा अर्थ अनुभवलेल्या समाजातील विद्यार्थ्याला ती केवळ चटकदार कल्पना वाटावी, ही अपेक्षा रास्त नव्हे. चित्र वगळल्याने मात्र आक्षेप सिद्ध करणारा पुरावाच नाहीसा होतो. मोडतोडीने तर वाद करण्याची जागाच उरत नाही.

याचे अधिक सकस उत्तर एका संग्रहानेच दिले. उन्नमती श्याम सुंदर यांच्या नो लाफिंग मॅटर (२०१९) या पुस्तकात १९३२ ते १९५६ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतून आलेली डॉ. आंबेडकरांवरील व्यंगचित्रे टीपांसह एकत्र केली आहेत. शंकर, एन्व्हर अहमद, लक्ष्मण आदी नामवंतांची चित्रे त्यात आहेत. प्रत्येक चित्रामागील घटना सांगून त्यांत आंबेडकरांना वारंवार खुजे, हट्टी वा हास्यास्पद का दाखविले गेले, असा प्रश्न संपादकाने उपस्थित केला आहे. एकेक चित्र सुटे पाहिले असता ते त्या दिवसाची थट्टा भासते. शेजारी शेजारी ठेवल्यावर सवय दिसू लागते. बहुतेक संग्रह चित्रकाराच्या गौरवार्थ निघतात. येथे चित्रकारांचीच झाडाझडती घेतली आहे. काही टीपांतील निष्कर्ष चित्रापेक्षा अधिक कठोर वाटण्याचा संभव असला, तरी व्यंगचित्राला उत्तर देण्याची ही रीत सर्वांत सभ्य व टिकाऊ होय.

मूल्यमापन : दैनंदिन जीवनावरील चित्रे बहुधा स्वतःच्या बळावर तग धरतात, राजकीय चित्रांना मात्र दिनांक, मूळ प्रकाशनाचा उल्लेख आणि प्रसंगाची चार ओळींची टीप यांचा आधार लागतो. मराठी संग्रहांत या तिन्ही गोष्टींची वानवा बऱ्याचदा आढळते. मथळे छाटलेले असतात, चित्रांचा क्रम मनास येईल तसा लावलेला असतो आणि प्रस्तावनेत आठवणींखेरीज विवेचन थोडे असते. मासिके व साप्ताहिके यांचे जुने अंक जीर्ण होत असताना ही उणीव गंभीर ठरते. कारण अंक नष्ट झाल्यावर संग्रह हाच एकमेव पुरावा राहतो. व्यंगचित्रकाराला थट्टेचे स्वातंत्र्य हवे, हे निर्विवाद आहे. परंतु ज्याची थट्टा झाली त्यालाही पुढील पिढ्यांपुढे आपली बाजू मांडली जाण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क राखण्याची जबाबदारी चित्रकारापेक्षा संग्राहकावर अधिक येते. चांगला व्यंगचित्रसंग्रह वाचकाला हसवतो व त्याच वेळी तो कोणाला हसत आहे, याचे भानही त्याला देतो.