व्यवहाराची पत्रे, वाङ्मयाचा उंबरठा

प्रस्थापित मराठी समीक्षेने पत्रवाङ्मयाला ललित गद्यात एक कोपरा दिला. पण तेथे बसायला जागा मिळते ती शैलीदार पत्रांना. पैसा, कोर्टकचेरी, निवडणूक हा मजकूर तिच्या लेखी नुसता 'व्यवहार'. हा निकष कोणाच्या सोयीचा आहे, हे विचारले पाहिजे.

शंकरराव खरातांनी बाबासाहेबांची पत्रे १९६१ साली ग्रंथरूपाने आणली. या पत्रव्यवहारातील ३ मार्च १९३४ चे पत्र घ्या. येत्या रामनवमीला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा काय, असे भाऊराव गायकवाडांनी विचारले होते. बाबासाहेबांनी नको म्हणून कळविले. दलितांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून तो लढा नव्हता. त्यांच्यात चेतना यावी, स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. ते काम झाले. आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी. १९३० पासून चाललेल्या लढ्याची दिशा एका कार्यकर्त्याला लिहिलेल्या पत्रात बदलते. याहून जिवंत गद्य कोणते?

अमेरिकेत अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने ३१ मार्च १७७६ रोजी आपल्या नवऱ्याला लिहिले, की नवे कायदे करताना स्त्रियांची आठवण ठेवा. जॉन अ‍ॅडम्सने ते हसण्यावारी नेले. या घरच्या पत्रांत शेती आहे, पैसा आहे, गावचे राजकारण आहे. तरी ती राष्ट्राचा ठेवा ठरली. त्याच भूमीवर, दक्षिण कॅरोलिनात, १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकविणे गुन्हा ठरविले होते. गुलामांच्या घरची पत्रे इतकी थोडी का, याचे उत्तर त्या कायद्यात आहे. ज्यांच्यासाठी अक्षरबंदी धर्मानेच सांगितली, त्या आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण दोष केवळ परक्यांचा नाही. बाबासाहेबांनी रमाईंना लिहिलेली म्हणून फिरणारी भावुक पत्रे आपण खात्री न करता सभांतून वाचतो, आणि घरातली अस्सल पत्रे वाळवीला देतो. आमच्या बिरसीच्या घरी आजीच्या पेटीत मनीऑर्डरची कुपने होती. आजोबा नागपूरच्या गिरणीतून पैसे पाठवीत. कुपनावर दोन ओळी: सावकाराचे इतके द्या, पोराचे नाव शाळेतून काढू नका. आजीला वाचता येत नव्हते. तिने ती जपली. मी पदवीधर झालो आणि घर सारवताना ती रद्दीत गेली, हे माझ्या लक्षातही आले नाही.

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. त्या दिवसांत आपल्या माणसांनी एकमेकांना काय लिहिले? कोणी वर्गणी पाठविली, कोणाला धमकी आली? विद्यार्थ्यांनी प्रबंधाचे विषय शोधण्याआधी आपल्या घरची पेटी उघडावी. ज्यांचा कागद राहत नाही, त्यांचा इतिहास दुसरेच लिहितात.