बिऱ्हाड कोठें करावें?

आपल्या वाङ्मयांत स्थलांतराचा विषय नवा नाहीं. कोंकणांतून मुंबईस, देशावरून पुण्यास, खेड्यांतून जिल्ह्याच्या गांवीं अशीं कुटुंबें गेलीं दीडशें वर्षें जात आलीं आहेत, आणि त्यांचा वृत्तांत कादंबऱ्यांतून व आत्मचरित्रांतून विपुल आला आहे. परंतु हीं पुस्तकें वाचतांना आपण त्यांकडे बहुधा समाजसुधारणेचे अथवा धर्मांतराचे ग्रंथ म्हणून पाहतों. ज्या कुटुंबानें एक गांव सोडलें आणि दुसऱ्या गांवीं चूल मांडली त्याच्या दृष्टीनें तीं आपण क्वचितच वाचतों. तशीं तीं वाचलीं तर आजच्या गृहस्थासही उपयोगी पडेल असा कांहीं विचार त्यांतून हातीं लागतो काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्न नुसता पुस्तकी नव्हे. भंडारा जिल्ह्यांतील लाखनी हें गांव घ्या. मुंबईहून कलकत्त्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान तें वसलें आहे. भोंवतीं धानाच्या बांध्या आणि जुने तलाव. रेल्वे गांवांत नाहीं, ती गांठावयाची तर वरठीचें भंडारा रोड स्टेशन. येथील शिकल्यासवरलेल्या तरुणास गांवीं राहून आपल्या विद्येचें चीज करतां येणें कठीण. तेव्हां बायको आणि लहान मुलें घेऊन बाहेर पडावयाचें हें ठरतें, आणि मग नागपूर कीं पुणें हा वाद घरांत सुरू होतो. नागपूर सुमारें ऐशीं-पंचाऐशीं किलोमीटरांवर, सकाळीं एस. टी.ंत बसलें तर दुपारच्या जेवणास तेथें. पुणें तेथून आणखी सातशें किलोमीटरांच्या पलीकडे. पुण्यास पगार अधिक, पण घरभाडेंही अधिक. वडील माणसें एक सांगतात, मित्र दुसरें सांगतात, आणि जिला घर चालवावयाचें असतें तिला बहुधा सर्वांच्या शेवटीं विचारतात.

हा वाद आजोबांच्या काळीं नव्हता. त्या वेळीं या मुलखाची राजधानीच नागपूर होती. विद्यापीठ १९२३ सालीं तेथें निघालें, हायकोर्ट १९३६ सालीं तेथें झालें, सरकारी कचेऱ्या तेथेंच होत्या. मुलगा शिकला कीं नागपुरास जावयाचा, यांत निवड करण्यासारखें कांहीं नव्हतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा प्रांत द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. राजधानी पश्चिमेस गेली, आणि तिच्यामागोमाग मोठेपणाची कल्पनाही पश्चिमेस सरकली. पुढें पुण्याजवळ हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हां तर जो पुण्यास गेला तो पुढें गेला आणि जो नागपुरास राहिला तो मागें राहिला, अशी एक समजूत घरोघर रुजली. ही समजूत कितपत खरी, हें पगाराच्या आंकड्यांवरून कळावयाचें नाहीं. संसार हलविल्यानें माणसांचें काय होतें हें ज्यांनीं लिहून ठेविलें आहे त्यांसच तें विचारलें पाहिजे.

प्रथम हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी. १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. विधवांच्या हालांचें चित्र म्हणून ती गाजली, आणि तें यथायोग्यच झालें. परंतु तिची रचना नीट न्याहाळली तर ती दोन शहरांवर उभी आहे असें दिसून येईल. पुणें हें यमूचें सासर-माहेर. मुंबई हें तिचें बिऱ्हाड. पुण्याच्या घरांत ती सून असते. मुंबईस नवऱ्यासह राहूं लागल्यावर ती प्रथम गृहिणी होते. या भागांतील आनंद मुंबईच्या भपक्यांतून येत नाहीं. नवराबायकोच्या मोकळ्या बोलण्यांतून, वाचनांतून आणि समविचारी मित्रकुटुंबांच्या सहवासांतून तो येतो. पुढें नवरा अकालीं जातो, यमूस पुन्हां पुण्याच्या घरीं यावें लागतें, आणि तेथें तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें. बोरघाटांतून आगगाडी १८६३ पासून चालूं होती. हीं दोन शहरें एकमेकांपासून कांहीं तासांवर आलीं होतीं. तेवढ्या अंतरानें यमूस मोकळीक दिली, आणि तेवढेंच अंतर तिला वांचविण्यास अपुरें पडलें. शहरानें दिलेली मोकळीक जर एकट्या नवऱ्याच्या आधारावर उभी असेल तर ती उसनी असते, हें या कादंबरीइतकें स्पष्टपणें आपल्या भाषेंत दुसऱ्या कोणीं क्वचितच सांगितलें असेल.

दुसरें पुस्तक लक्ष्मीबाई टिळक यांचें 'स्मृतिचित्रें'. १९३४ ते १९३६ या सालांत तें भागाभागानें बाहेर आलें. लाखनीच्या वाचकांस तें एका कारणानें अधिकच जवळचें वाटावें. रेव्हरंड टिळक नागपुरास बुटी यांच्या आश्रयास होते, आणि तेथून पुढें राजनांदगांव संस्थानांत गेले. या दोन गांवांस जोडणारी आगगाडी भंडारा जिल्ह्यांतूनच जाते, आणि याच वाटेवर १८९३ सालीं डब्यांत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाशीं झालेल्या संभाषणानें टिळकांच्या आयुष्यास वळण लागलें. परंतु टिळकांच्या चरित्रांत जो प्रवास सत्यशोधनाचा, तोच लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत गाठोडीं बांधण्याचा आणि सोडण्याचा आहे. त्यांस कोणीं विचारून गांव बदललें नाहीं. नाशकाकडील ही बाई ऐन तारुण्यांत आपल्या माणसांपासून शेंकडों मैल दूर जाऊन पडली. १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर कित्येक वर्षें लहानग्या दत्तूस घेऊन त्यांस नातलगांच्या आधारानें काढावीं लागलीं. त्या काळांत त्यांस शहरानें तारलें नाहीं. तारलें तें माणसांनीं.

वाङ्मयदृष्ट्या या दोन पुस्तकांत एक भेद आहे, आणि तो आपल्या विषयास लागू आहे. आपटे हे पुरुष असून स्त्रीच्या तोंडून बोलतात. शहर हें त्यांच्या हातीं एक प्रमेय आहे, आणि तें सिद्ध करण्याकरितां ते प्रसंगांची मांडणी करतात. लक्ष्मीबाईंस कांहींच सिद्ध करावयाचें नाहीं. त्यांचें शहर शेजारणीच्या, सोंवळ्याओंवळ्याच्या, पैशाच्या चणचणीच्या आणि मुलाच्या दुखण्याच्या रूपानें येतें. म्हणून आपटे यांच्या पुस्तकावरून शहराविषयीं मत बनतें, तर लक्ष्मीबाईंच्या पुस्तकावरून शहर कळतें. निवड करणाऱ्यास दोहोंची गरज आहे, परंतु दुसऱ्याची अधिक.

तिसरें उदाहरण एका पुस्तकाचें नसून पुस्तकांच्या जोडीचें आहे. धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालचें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें 'माझें पुराण' १९४४ सालचें. कर्वे मुंबईस शिकवण्या करून संसार चालवीत होते. १८९१ सालीं त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली, मुलगा लहान होता. आणि त्याच सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास पुण्यास आले. १८९३ सालीं त्यांनीं पुनर्विवाह केला, तेव्हां मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांस वाळींत टाकलें. मागचा रस्ता बंद झाला म्हणजे शहर हें निवडीचें राहत नाहीं, तेंच घर करावें लागतें. 'आत्मवृत्तां'त पुण्याची निवड म्हणजे कार्याची निवड आहे, आणि तिचें मोल लेखकानें शांतपणें मांडलें आहे. 'माझें पुराण' वाचूं लागलें म्हणजे त्याच कार्याचा घरांतला जमाखर्च उघडतो, आणि मिळकत कार्यास गेल्यावर चूल कशी पेटवावयाची हा प्रश्न पुढें येतो. एका संसाराचीं हीं दोन पुस्तकें एकत्र वाचल्यावांचून कोणासही स्थलांतराचा हिशेब पुरता कळावयाचा नाहीं. खेद एवढाच कीं पहिलें पुस्तक सर्वत्र नांवाजलें जातें आणि दुसऱ्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं.

या सर्वांवरून आमच्या मतें एक गोष्ट निश्चित होते. दोन शहरांची तुलना करतांना 'तेथें काय मिळतें?' हा प्रश्न पहिला नव्हे. पहिला प्रश्न, बिऱ्हाडांतील कोणकोणास तेथें आपल्या पायांनीं बाहेर पडतां येईल. आणि दुसरा, अडचणीच्या दिवशीं आपलीं माणसें किती वेळांत दाराशीं येतील. या दोन प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां परस्परविरुद्ध असतात. लांबच्या शहरीं मोकळीक मिळते, आधार मिळत नाहीं. जवळच्या शहरीं आधार मिळतो, आणि त्याच वाटेनें बंधनही येतें. यमूचें पुणें हें जवळच्या गांवाचें भयंकर रूप; लक्ष्मीबाईंचें नागपूर-राजनांदगांव हें लांबच्या गांवाचें एकाकी रूप.

लाखनीच्या कुटुंबास हा न्याय लावून पाहूं. नागपुरास मूल तापानें फणफणलें तर आजी त्याच दिवशीं पोंचते. पुण्यास पोंचावयाचें तर गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस भंडारा रोडवर गांठावयाची, आणि तींत एक दिवस व एक रात्र मोडावयाची. समृद्धि महामार्ग २०२५ सालीं मुंबईपर्यंत पुरा झाला खरा. परंतु रस्ता वेगाचा झाला म्हणून धान कापणीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांस घर सोडतां येतें असें नाहीं. उलट पक्षीं नागपूर जवळ असल्याचें दुःखही आहे. तेथील सरकारी मेडिकल कॉलेज १९४७ पासून साऱ्या विदर्भाचें रुग्णालय होऊन बसलें आहे. नागपुरांत ज्याचें बिऱ्हाड, त्याच्या घरीं गांवाकडील प्रत्येक दुखणेकरी आणि त्याच्यासोबतचीं माणसें उतरणारच. दोन खोल्यांच्या त्या धर्मशाळेची व्यवस्थापक कोण, हें सांगण्याची गरज नाहीं. ती स्वतः नोकरी करणारी असेल तर हा भार तिला दुप्पट होतो. तिच्याकरितां पुणें म्हणजे कदाचित् मोकळा श्वास असूं शकेल, हें आम्ही विसरत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख वरील पुस्तकांत फारसा सांपडत नाहीं. ती म्हणजे मुलाची बोली. लाखनीचें मूल घरीं झाडीबोली बोलतें. 'मला' न म्हणतां 'मले' म्हणतें. नागपूरच्या शाळेंत 'मले' म्हटल्यानें कोणी वळून पाहत नाहीं. पुण्याच्या शाळेंत वर्ग हंसतो, आणि मूल महिन्याभरांत 'मला' म्हणूं लागतें. पुढें सुटींत गांवीं आल्यावर आजीशीं बोलतांना अडखळतें. शुद्ध भाषा शिकणें वाईट असें कोण म्हणेल? परंतु आजीच्या बोलीची लाज वाटूं लागणें हें शिक्षण नव्हे. पुण्या-मुंबईच्या लेखकांस हा प्रश्न जाणवला नाहीं, याचें कारण त्यांचीच बोली ग्रंथांची भाषा झाली होती. आणि तरीही 'स्मृतिचित्रें' टिकलीं आहेत तीं त्यांतील घरगुती बोलण्यामुळें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे घरच्या बोलीचें मोल कळतें. झाडीपट्टीची रंगभूमिही तिच्या पाठीशीं आहे. धान घरांत आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, वडसा येथील मंडळ्या गांवोगांव नाटकें करतात. दिवसां शंकरपट आणि रात्रभर नाटक. नागपूरचा गृहस्थ मुलांस घेऊन शनिवारीं रात्रीं तें पाहावयास येऊं शकतो. पुण्याचा गृहस्थ त्याविषयीं मुलांस फक्त सांगूं शकतो.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. मुलें लहान आहेत तोंवर लाखनीच्या कुटुंबानें नागपूर पत्करावें. मात्र एका अटीवर. तें बिऱ्हाड घरधनिणीचें असावें. तिचें शिक्षण किंवा तिची नोकरी ही कुटुंबाची सोय पाहून उरलेल्या वेळची गोष्ट मानली जाऊं नये, आणि कोण पाहुणा किती दिवस राहणार हें ठरवितांना तिचा शब्द शेवटचा असावा. ही अट जेथें पाळली जाणार नाहीं तेथें नागपूर हें यमूचें पुणेंच होय. अशा घरानें खुशाल सातशें किलोमीटर दूर जावें. कोणी म्हणेल कीं पगाराचा विचार आम्ही केलाच नाहीं. पगार कमी पडला तर तो वाढविण्यास वीस वर्षें हातीं असतात. मूल आजीच्या मांडीवर बसण्याच्या वयाचें राहतें तें चार-पांच वर्षेंच.

राहतां राहिली वाङ्मयाची गोष्ट. मुंबई-पुण्याच्या संसारांवर आपल्याकडे कपाटें भरतील इतकीं पुस्तकें आहेत. झाडीपट्टींतून निघून नागपूर किंवा पुणें गांठणाऱ्या संसाराचें 'स्मृतिचित्रें'च्या तोडीचें पुस्तक मात्र वाचकांस अद्याप हवेंच आहे. तें बहुधा एखादी बाईच लिहील. कारण बिऱ्हाड हलविण्याचा निर्णय कोणींही घेतलेला असो, भांडीं मोजून गोणींत भरतांना आणि पलीकडे तीं पुन्हां मोजून काढतांना तिचेच हात तेथें असतात.