वर्तुळाच्या चार जागा

शहाद्यात गेट-ग्रिलचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मित्रानं दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः सीएनसी मिलिंग मशीन बांधलंय. सागावरची नक्षी, ॲक्रिलिकच्या पाट्या, अडलंनडलं तर ॲल्युमिनियमचा एखादा छोटा पार्ट, एवढी कामं ते करतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बंद होतं, आणि ते बरंच झालं. चालू मशीनमध्ये नजर कटरवर खिळते. बंद मशीनमध्ये बांधणाऱ्याचा हात दिसतो.

आधी दिसते गँट्री, म्हणजे बेडवरून पुढेमागे सरकणारी आडवी कमान. तिची रुंदी अवघी 600 मिलिमीटर. दाराची फळी बसेल असं मोठं मशीन कर, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. गिऱ्हाईक तिथंच आहे. त्यानं ऐकलं नाही. आडव्या तुळईची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच भारानं ती आठपट वाकते, हे ग्रिलची कामं करून त्याला हातानं ठाऊक होतं. मला हा या मशीनमधला सगळ्यात धीराचा निर्णय वाटतो. लाकूड कापताना कटर ढकलतो तसं लाकूडही कटरला ढकलतं, आणि त्या ढकलण्यापुढं कोण किती वाकतं यावरच पुढचं सगळं ठरतं.

फ्रेम जाड भिंतीच्या चौकोनी लोखंडी पाइपची. हौशी मशीनला बहुतेक जण खाचेचे ॲल्युमिनियम सेक्शन घेतात. हलके, कापायला सोपे, दिसायला देखणे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तीसेक अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्यानं मीटरभर ॲल्युमिनियम सुमारे 0.7 मिलिमीटर वाढतं, लोखंड त्याच्या जवळपास निम्मं. ॲल्युमिनियमवर पोलादी रूळ आवळले की दोघांची ओढाताण सुरू होते. लोखंडावर पोलाद असलं की दोघं एकत्र वाढतात, एकत्र आकसतात.

लोखंडाची खोड वेगळी: वेल्डिंग थंड होताना ते ओढलं जातं. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं टाके मारून जोडले, तरी रूळ बसायची जागा काही केस वर-खाली राहतेच. मोठ्या कारखान्यात ती ग्राइंडिंगला पाठवतात. त्यानं दोन्ही बाजूंना कडा बांधल्या आणि त्यांत पातळ इपॉक्सी ओतलं, पाण्यासारखं आपली पातळी आपण शोधणारं. ओतायला दिवस निवडले होळीच्या आसपासचे. थंडीत ते घट्ट होऊन नीट पसरत नाही, आणि उन्हाळ्यात पसरायच्या आत धरतं. आणि इथंच ती गोष्ट आहे जिच्यासाठी मी पुन्हा शहाद्याला गेलो. दोन्ही रुळांच्या जागा त्यानं मधून एका अरुंद पाटानं जोडल्या होत्या, म्हणजे दोन्हीकडचा द्रव एकच पातळी धरेल. ही युक्ती जगभरचे हौशी मशीन बांधणारे वापरतात. पण पाटाचं पाणी वाफ्यात वळवताना लहानपण गेलेल्या माणसानं केलेला तो पाट पाहणं वेगळंच. काम झाल्यावर तो तोडून टाकता आला असता. त्यानं ठेवलाय, काचेसारखा पिवळसर, बोटभर रुंद.

हालचालीचा हिशोब सरळ आहे. मोटार एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे 16 भाग करतो, आणि एका फेऱ्यात बॉल स्क्रू गाडी 5 मिलिमीटर सरकवतो. म्हणजे मिलिमीटरला 640 पल्स. त्या पल्स मोजून देतो हाताच्या पंजावर मावणारा आर्डुइनो. त्यातला जीआरबीएल हा मोफत प्रोग्रॅम नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोगसेथ यांनी 2009 मध्ये सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीत 1952 मध्ये असं आकड्यांच्या हुकमानं चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा त्याच्या कंट्रोलरचं कपाट मशीनपेक्षाही जागा खात होतं. 2002 मध्ये त्याच एमआयटीच्या साथीनं पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब उभी राहिली, भारतातली पहिली. हा आश्रम म्हणजे खेड्यातली मुलं हातानं करत शिकावीत म्हणून डॉ. कलबागांनी 1983 मध्ये काढलेली शाळा. पाबळ शहाद्यापासून फार लांब आहे, पण शेडमधला तो पिवळा पाट पाहताना मला कलबागांची आठवण झाली.

एक गोष्ट मला खटकते. झेड अक्ष गरजेपेक्षा लांब आहे. खाली उतरलेला, कटर फिरवणारा स्पिंडल गँट्रीपासून बराच लोंबतो, आणि फ्रेममध्ये मिळवलेला ताठपणा तिथं थोडा सांडतो. मी हे बोललो तेव्हा तो म्हणाला, "हो भाऊ, त्याचं नवीन ब्रॅकेट काढून ठेवलंय." मग भिंतीवर खिळ्यानं ठोकलेली सागाची फळी दाखवली. मशीननं कापलेलं पहिलं वर्तुळ.

लांबून ते गोल दिसतं. नख फिरवलं की चार जागी अडतं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वर्तुळ काढताना याच चार ठिकाणी एकेक अक्ष दिशा उलटवतो, आणि स्क्रूला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तर मोटार फिरते पण गाडी क्षणभर जागची हलत नाही. तेवढ्यात कडा सपाट होते. त्यानं बॉल नटला दोष दिला नाही. डायल लावून स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग ढिलं असल्याचं शोधलं, शिम घातली आणि लॉकनट आवळला. उरला होता गुण्या. एक्स आणि वाय काटकोनात नसले की वर्तुळ तिरपं लांबतं, अंड्यासारखं. हे डोळ्याला कळत नाही.

त्यासाठी त्यानं एका फळीत भोक कापलं आणि दुसऱ्या फळीतून त्याच मापाची, हलकेच सरकेल इतकीच सैल चकती. चकती भोकात बसवली, बसली. बाहेर काढून पाव फेरा फिरवली आणि माझ्या हातात दिली. अंगठ्यानं दाबली. आतली हवा फुस्स करून बाहेर पडली, आणि ती चारी बाजूंनी सारखीच खाली गेली.