किनारा दिसण्यापूर्वी : सैनिकी रेखाटनांतील समुद्रप्रवास

वसाहतकालीन चित्रांचा विचार आपण बहुधा किनाऱ्यापासून सुरू करतो. घाट, किल्ले, लेणी आणि बाजार यांवर रोखलेली परकी नजर आपल्या परिचयाची आहे. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथानंतर त्या नजरेमागील सत्ताव्यवहारही समीक्षेच्या परिचयाचा झाला. मात्र सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी (१८६९) केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजावर ही नजर चार-सहा महिने समुद्रातच असे. त्या काळात ती काय पाहत होती, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

सैनिकाला चित्रकला शिकवली जाई ती प्रामुख्याने भूप्रदेश वाचता यावा म्हणून. वुलिच येथील सैनिकी विद्यालयात पॉल सँडबी हा चित्रकार १७६८ ते १७९६ या काळात रेखाटन शिकवीत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कोंब येथील विद्यालयातही (१८०९–१८६१) रेखाटन हा अभ्यासक्रमाचा भाग होता. चढ-उतार, अंतर, आडोसा आणि वाट यांची नोंद करणारी ही कला एका अर्थी मोजणीचीच कला होय. समुद्रावर मात्र मोजण्याजोगा भूप्रदेशच नसतो. क्षितिज स्थिर नसते आणि रेखाटणाऱ्याच्या पायाखालचा तख्ताही स्थिर नसतो. परिणामी ही नजर आपल्याच जगाकडे वळते. घसरणारी ताटे, लोळण घेणारे प्रवासी, अडचणीच्या खोल्या आणि कंटाळा हे तिचे विषय होतात. भारताकडे निघालेल्या जहाजाला जेवणानंतर बसलेला हेलकावा जॉर्ज क्रुकशँक याने १८१८ मध्ये चित्रित केला. तो सैनिक नव्हता. पण जहाजावरील फजितीचा हा संकेत किती सर्वपरिचित होता, हे त्या चित्रावरून दिसते.

या संकेताचे वाङ्मयीन रूप कॅप्टन बेल्यू याच्या ‘मेम्वार्स ऑफ अ ग्रिफिन’ (१८४३) या पुस्तकात आढळते. भारतात पहिले वर्ष काढणाऱ्या नवख्या गोऱ्याला ‘ग्रिफिन’ म्हणत. पुस्तकाचा नायक फ्रँक गेर्नन हा असाच एक कॅडेट आहे आणि पुस्तकातील चित्रे लेखकाच्याच रेखाटनांवरून केलेली आहेत. जहाजाचे नाव ‘रॉटनबीम कॅसल’, म्हणजे कुजक्या तुळयांचा किल्ला. साम्राज्याचे नवे रक्त ज्या गाड्यातून वाहून नेले जाते तो गाडाच पोखरलेला आहे, ही सूचना नावातच आहे. शिवाय हे पुस्तक प्रसिद्ध होईपर्यंत कंपनीचा व्यापारी अधिकार संपला होता आणि ईजिप्तमार्गे प्रवास रूढ होऊ लागला होता. त्यामुळे येथील हास्याला मावळत्या जगाच्या आठवणीचाही रंग आहे.

मग जहाज ही वसाहतवादी दृष्टीपासून मुक्त अशी जागा होती काय? तसे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्यांच्या हाती लेखणी आणि पेन्सिल होती ते बहुतांशी अधिकारी होते. खालच्या डेकवर दाटीने कोंबलेला साधा शिपाई या हास्याचा कर्ता नसतो. असलाच तर पार्श्वभूमी असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हास्याचे स्वरूप किनाऱ्यावर पालटते. जहाज मद्रासला लागते, पुढे कलकत्ता येते. ग्रिफिनची फजिती थांबत नाही. पण तिच्या जोडीला एतद्देशीय माणसे ‘नमुने’ म्हणून येऊ लागतात. दोन्ही हास्यांत मूलगामी भेद आहे. ग्रिफिनपण वर्षभराचे असते. अनुभवाने ते सरते. नमुन्याला मात्र असे सरणे नाही. एकाच्या हास्यास्पदतेला काळ आहे, दुसऱ्याची हास्यास्पदता काळाबाहेर ठेवलेली आहे. वसाहतवादी दृष्टीचे मर्म उपहासात नसून काळाच्या या विषम वाटपात आहे, असे मला वाटते.

पश्चिम भारताशी संबंधित असे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले १८०३ मध्ये कॅडेट म्हणून मुंबईच्या सैन्यात आला. त्याचा ३६ चित्रांचा संग्रह १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील काही रेखाटने व्यावसायिक चित्रकारांनी छपाईसाठी पुन्हा काढली. मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा या संग्रहात आहे. पण समुद्र तेथे निसर्गदृश्य झाला आहे, तोल घालवणारी शक्ती राहिलेला नाही. पुढे १८२८ मध्ये ग्रिंडलेने भारतात जाणाऱ्यांच्या प्रवासाची व सामानाची व्यवस्था पाहणारी पेढी लंडनमध्ये काढली. जो प्रवास त्याच्या चित्रसंग्रहाचा विषय झाला नाही, तो त्याच्या व्यवसायाचा विषय झाला.

म्हणून सागरी रेखाटनांना भारतचित्रणाची केवळ प्रस्तावना मानून चालणार नाही. जी नजर पुढे स्थिर आणि सर्वज्ञ असल्याचा आव आणते, ती स्वतःला डळमळीत, मळमळणारी आणि हास्यास्पद म्हणून पाहू शकत होती, याचा पुरावा या रेखाटनांत आहे. किनाऱ्यावर उतरताना तिने ही क्षमता सर्वस्वी गमावली नाही. फक्त तिचा लाभ इतरांना नाकारला. ज्यांच्या किनाऱ्यावर ती उतरली त्यांच्या समीक्षेने हा नकार नेमका कोठे घडतो ते दाखवले पाहिजे.