शब्दसंग्रह आणि शब्दसंगति

नॉर्मन लुईस या अमेरिकन ग्रंथकाराचें ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हें पुस्तक १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. मुलांचें इंग्रजी वाढावें अशी आकांक्षा धरणाऱ्या आमच्याकडील पुष्कळ घरांत तें आजहि आढळतें.

त्याची पद्धति निःसंशय चांगली आहे. शब्दांच्या याद्या घोकावयास न लावतां ग्रंथकार मूळ ग्रीक व लॅटिन घटक वाचकाच्या हातीं देतो. ग्रीक ‘मिसीन’ म्हणजे द्वेष करणें, एवढें कळलें कीं ‘मिसँथ्रोप’ म्हणजे मनुष्यद्वेष्टा, ‘मिसॉजिनिस्ट’ म्हणजे स्त्रीद्वेष्टा व ‘मिसॉगमिस्ट’ म्हणजे विवाहद्वेष्टा, असे तीन शब्द एकाच किल्लीनें उघडतात. ज्यांनीं संस्कृत धातु पाठ केले आहेत, त्यांस ही वाट परकी वाटणार नाहीं.

परंतु संस्कृताचाच दाखला पुढें नेला, तर या पद्धतीची मर्यादाहि दिसून येते. आहार, विहार, प्रहार व संहार हे चारी शब्द एकाच ‘हृ’ धातूचे. पण केवळ धातु जाणणारास आपण जेवणाच्या पंक्तीस बसलों आहों कीं रणांगणावर उभे आहों, हें कसें कळावें? इंग्रजींतहि ‘ईगोइस्ट’ व ‘ईगोटिस्ट’ यांचें मूळ एकच. पण पहिला स्वार्थ पाहतो, दुसरा सदा स्वतःविषयीं बोलतो. हा भेद ग्रंथकारानें समजावून दिला आहे खरा. तथापि असे सर्व भेद एका पुस्तकांत मावणें शक्य नाहीं. ते वाचनांतून, शब्दांच्या सहवासानेंच अंगवळणीं पडतात. म्हणूनच शीर्षकांतील ‘ईझी’ हा शब्द आम्हांस खटकतो.

यांत आमचाहि दोष आहे. निबंध तपासतांना अवघड शब्दाखालीं कौतुकाची रेघ आम्ही वर्षानुवर्षें ओढीत आलों. अशाच एका हुशार विद्यार्थ्यानें वडील वारल्याचें आम्हांस इंग्रजींत कळविलें. पत्रांत ‘फादर’ नव्हता, ‘प्रोजेनिटर’ होता; ‘डेथ’ नव्हता, ‘डिमाइज’ होता. अर्थ कोठेंहि चुकला नव्हता. तरी तें पत्र मुलानें बापाविषयीं लिहिलेलें वाटेना. त्या पत्रावर आम्ही रेघ कोठें ओढणार?

हें पुस्तक पाल्यांच्या हातीं अवश्य द्यावें. मात्र रोजच्या धड्यानंतर एखाद्या चांगल्या इंग्रजी ग्रंथाचीं दोन पानें त्यांजकडून वाचवून घ्यावींत. आणि नुकताच शिकलेला भारी शब्द लेखकानें तेथें कां योजिला नाहीं, हें त्यांस विचारावें.